खेळाडूंचे दुखावलेले स्नायू : सोनोग्राफी की एमआरआय?

(गणेशोत्सवातील सायंकालीन व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे आणि या दोहोंच्या मध्ये चिटणिसांनी एका रेडिओलॉजिस्टला उभं केलं आहे. आमचं काम अंधाऱ्या खोलीत बसून चित्रं बघण्याचं. माइकसमोर आम्ही फारसे दिसत नाही. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

विषय मी निवडला नाही, तो तुम्हीच निवडलात. गेल्या वर्षा-दोन वर्षांत मंडळाच्या कार्यक्रमांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : ‘‘डॉक्टर, मुलाच्या मांडीत चमक भरली. आधी सोनोग्राफी करायला लावली, मग म्हणाले एमआरआय करा. एकाच मांडीला दोन-दोन तपासण्या कशाला?’’ प्रश्न विचारणारा सभ्य असतो, म्हणून पुढचं वाक्य तो बोलत नाही. मीच बोलतो. यात ‘कट’ तर नाही ना, असं त्याच्या मनात असतं. ही शंका अगदीच निराधार आहे, असा दावा मी करणार नाही. आपल्या व्यवसायाने ती ओढवून घेतली आहे. म्हणूनच दोन तपासण्या कधी लागतात, एक कधी पुरते आणि एकही कधी लागत नाही, हे आज सरळ सांगायचं ठरवलं आहे.

२८ एप्रिल २०२५ ची रात्र तुमच्यापैकी अनेकांनी सवाई मानसिंह स्टेडियममध्ये काढली असेल. गुजरात टायटन्सविरुद्ध चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने ३५ चेंडूंत शतक ठोकलं आणि राजस्थान रॉयल्सचे तेव्हाचे प्रशिक्षक राहुल द्रविड व्हीलचेअरमधून उठून उभे राहिले. इंदूरला जन्मलेला, मराठी घरातला हा माणूस त्या मोसमात कुबड्या घेऊन जयपूरच्या मैदानावर वावरत होता. बंगळूरला क्लबचं क्रिकेट खेळताना त्यांचा पाय दुखावला होता. त्यांच्या पायाच्या अहवालाबद्दल मी बोलणार नाही. रुग्णाचा अहवाल रुग्णाचा असतो, मग तो द्रविड असो की आपल्या सोसायटीतला रखवालदार. पण त्याच मोसमात संघाचा कर्णधार संजू सॅमसनलाही १६ एप्रिलला दिल्लीतल्या सामन्यात बरगडीच्या बाजूला दुखलं आणि खेळ अर्धवट सोडून परत जावं लागलं. १९ तारखेला तो जयपूरचा सामना खेळू शकला नाही, आणि त्याच सामन्यात सूर्यवंशीने पदार्पण केलं. एकाचा स्नायू दुखावतो, दुसऱ्याला संधी मिळते. खेळात असंच चालतं. पण ज्याचा दुखावला, त्याचा एकच प्रश्न असतो : मी पुन्हा कधी धावू शकेन?

आमची सगळी यंत्रं शेवटी या एका प्रश्नासाठी आहेत, आणि एकटं कुठलंच यंत्र त्याचं पूर्ण उत्तर देत नाही.

आधी स्नायू म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे म्हणतात ‘शिरेवर शीर चढली’, इथले लोक म्हणतात ‘नस पर नस चढ गई’. शीर शिरेवर चढत नाही. चढते असं वाटतं तो बहुतेक वेळा पेटका असतो, ज्याला आपण वांब किंवा गोळा म्हणतो, आणि थोड्या वेळाने तो सुटतो. खरी दुखापत वेगळी असते. नैवेद्याचं केळीचं पान डोळ्यांसमोर आणा. मधून जाड शीर जाते आणि दोन्ही बाजूंना बारीक रेघांचं पातं असतं. मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची, रचना बरीचशी अशीच असते. मधली शीर म्हणजे कंडरा. हाडापासून निघून ती स्नायूच्या आत बऱ्याच अंतरापर्यंत शिरलेली असते. बाजूचं पातं म्हणजे स्नायूचे तंतू. पानाची कड फाटली तरी पानावर भात वाढता येतो. पातं शिरेजवळून फाटलं तर जरा सांभाळावं लागतं. आणि मधली शीरच मोडली तर पान दुमडतं, काही केल्या उभं राहत नाही.

२०१४ साली ब्रिटिश ॲथलेटिक्सच्या डॉक्टरांनी स्नायूंच्या दुखापतीची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे. ० ते ४ या श्रेणी दुखापत किती मोठी ते सांगतात, आणि ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही अक्षरं ती कुठे आहे ते. ‘ए’ म्हणजे कडेला, आवरणापाशी. ‘बी’ म्हणजे स्नायू आणि कंडरा जिथे जुळतात तिथे. ‘सी’ म्हणजे कंडरेतच. त्यांच्या पुढच्या अनुभवात ‘सी’ प्रकारच्या दुखापती भरून यायला जास्त वेळ लागला आणि त्या पुन्हा उलटण्याचं प्रमाणही जास्त निघालं. म्हणजे दुखापत किती मोठी, याच्याइतकंच ती कुठे आहे हे महत्त्वाचं.

आता आपली दोन यंत्रं.

इथे जौहरी बाजारातली आपली गलाईवाली मंडळी बसली आहेत. विटा-खानापूर-आटपाडीकडून निघून देशभर पसरलेले हे लोक सोनं कसं पारखतात, ते मी त्यांच्याकडूनच ऐकलं. दागिना आला की आधी कसोटीच्या दगडावर घासतात. काम मिनिटभराचं, दागिन्याचं नुकसान नाही आणि अनुभवी डोळ्याला बरंच कळतं. पण दगड पृष्ठभागापुरतं बोलतो. आत काय भरलंय ते वितळवल्यावरच समजतं. म्हणून कोणी दगड फेकून दिला नाही, आणि प्रत्येक दागिना कोणी मुशीत घालत नाही.

सोनोग्राफी हा आमचा कसोटीचा दगड. स्नायूसाठी जास्त कंपनसंख्येचा सपाट प्रोब वापरतात. त्यात मिलिमीटरहून लहान तपशील दिसतो, स्नायूच्या गठ्ठ्यांच्या एकेक रेघा मोजाव्यात इतका. एमआरआयकडे नसलेल्या तिच्या काही गोष्टी आहेत. पहिली, चित्र चालू असतं. ‘गुडघा वाकवा, आता सोडा’ असं सांगून फाटलेली टोकं एकमेकांपासून दूर जातात की जवळ राहतात ते त्याच क्षणी पाहता येतं. दुसरी, रुग्णाच्या बोटाने दाखवलेल्या जागीच प्रोब ठेवता येतो आणि लगेच दुसऱ्या, चांगल्या पायाशी तुलना करता येते. तिसरी, आत रक्त साकळलं असेल तर त्याच चित्राकडे बघत सुई घालून ते काढता येतं. शिवाय खर्च कमी.

पण ती हातावर अवलंबून आहे. प्रोब धरणारा हात आणि डोळा तयार नसेल तर चित्र असूनही दिसत नाही. खोल जागी, विशेषतः बैठकीच्या हाडापाशी जिथे हॅमस्ट्रिंग सुरू होतो तिथे, आणि भरदार मांड्यांच्या खेळाडूत तिची नजर कमी पडते. दुखापत झाल्या झाल्या केली तर फसवतेही. सूज आणि रक्त पसरायला वेळ लागतो, त्यामुळे एक-दोन दिवस थांबून केलेली सोनोग्राफी घाईच्या सोनोग्राफीपेक्षा बरी.

एमआरआय पाणी बघतो, असं ढोबळ मानाने म्हणता येईल. स्नायूचा साधारण तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. दुखापतीच्या जागी सूज आली की पाणी वाढतं. चरबीचा उजेड दाबून टाकणारी खास चित्रं घेतली की ती सूज अंधारातल्या पणतीसारखी उजळून दिसते. कितीही खोल असो, पूर्ण मांडी एकदम दिसते. दुखापतीची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजता येते, ती हाडापासून किती अंतरावर आहे ते कळतं, आणि केळीच्या पानाची ती मधली शीर अखंड आहे की नाही हे सांगण्यात आज तरी एमआरआयच्या तोडीचं दुसरं काही नाही.

मग सरळ एमआरआयच का करू नये? ऑस्ट्रेलियात साठ व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या हॅमस्ट्रिंगची दोन्ही तपासण्यांनी पाहणी झाली होती. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या तपासणीत सोनोग्राफीला ४५ जणांत दोष दिसला, एमआरआयला ४२ जणांत. म्हणजे ताज्या दुखापतीत, चांगल्या हातात, स्वस्त तपासणी जराही मागे नव्हती. पुढच्या आठवड्यांत, दुखापत भरत असताना मात्र एमआरआय पुढे गेला. सहकाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ताज्या दुखापतीला धावत जाऊन एमआरआय, आणि बरं होतानाच्या तपासणीला ‘आता काय गरज’.

अर्थात एमआरआयचंही एक दुखणं आहे. तो फार हळवा आहे. वैद्यकीयदृष्ट्या बऱ्या झालेल्या, मैदानावर परतण्याजोग्या ठरलेल्या खेळाडूंचे हॅमस्ट्रिंग नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एमआरआयमध्ये पाहिले, तेव्हा ८९ टक्के जणांत सुजेचा उजेड अजून शिल्लक होता. चित्र पूर्ण साफ होईपर्यंत खेळू द्यायचं नाही असं ठरवलं, तर दहापैकी नऊ खेळाडू विनाकारण घरी बसतील. उलट बाजूही आहे. युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंत हॅमस्ट्रिंगच्या सुमारे ७० टक्के दुखापतींत एमआरआयवर तंतू तुटल्याची खूणच नव्हती, आणि तरी खेळाडूंच्या गैरहजेरीचे बहुतांश दिवस त्याच दुखापतींपायी गेले. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, नाटक करतोय’ असं मुलाला म्हणू नका. आणि ‘रिपोर्टमध्ये अजून आहे’ म्हणून त्याला अंथरुणावरही बसवू नका.

दोन्ही तपासण्या एकत्र करायच्या म्हणजे दोन बिलं जोडायची, असं नव्हे. दोन वेगळे प्रश्न विचारायचे. माझी पद्धत सांगतो. एमआरआय झाला असेल तर तो पडद्यावर समोर ठेवून मी सोनोग्राफीचा प्रोब हातात घेतो. एमआरआय म्हणतो, बैठकीच्या हाडापासून इतक्या अंतरावर काहीतरी आहे. तिथे प्रोब ठेवतो, दाबतो. ‘इथेच दुखतं का?’ दुखत असेल तर ते चिन्ह खरं. मग हलवून बघतो की तिथली टोकं सुटी होतात का. पुष्कळदा आधीच्या सोनोग्राफीत न दिसलेली गोष्ट, कुठे बघायचं ते कळल्यावर स्पष्ट दिसते. याहून पुढचं तंत्र म्हणजे दोन्ही चित्रांचा मेळ यंत्रानेच घालायचा. प्रोबवर एक संवेदक बसवतात, शेजारी चुंबकीय क्षेत्र तयार करणारी पेटी असते, आणि प्रोब जसा फिरेल तसा आधी काढलेल्या एमआरआयचा नेमका तोच छेद शेजारी किंवा वर उमटतो. गाडीतल्या नकाशावर आपली गाडी सरकते तसं. प्रोस्टेट आणि यकृताच्या बायॉप्सीत हे तंत्र रुळलं आहे, आणि स्नायू-सांध्यांच्या कामातही वापरलं जातं. अडचण एवढीच की प्रोस्टेट जागच्या जागी असतं आणि मांडीचा स्नायू ताणला की आकार बदलतो, त्यामुळे मेळ थोडा सरकतो. इलॅस्टोग्राफी नावाचा सोनोग्राफीचाच एक प्रकार स्नायू किती ताठ आहे ते मोजतो. जखमेचा वण किती कडक झालाय ते बघायला तो उपयोगी पडेल अशी आशा आहे. पण एवढ्या आकड्याच्या खाली आला की खेळा, असं सांगण्याइतका तो पक्का झालेला नाही. कोणी तसं सांगून पैसे मागितले तर जरा थांबा.

आता क्रिकेटकडे वळतो, नाहीतर मागची मंडळी प्रसादाकडे वळतील.

झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. दोघेही तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, आणि दोघांनाही हॅमस्ट्रिंगने छळलं. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनला झहीरने ९५ धावांत ५ बळी घेतले आणि हॅमस्ट्रिंगमुळे ॲडलेडची कसोटी त्याला खेळता आली नाही. तिथे इरफान पठाण आला. झहीर मेलबर्नला परतला, पण सिडनीत पुन्हा नव्हता. पुढे २१ जुलै २०११ ला लॉर्ड्सवर १३.३ षटकांत १८ धावा देऊन २ बळी, अशी गोलंदाजी चालू असताना तो मांडी धरून थांबला. ऑगस्टमध्ये नॉर्दॅम्प्टनच्या सामन्यात त्याने प्रयत्न करून पाहिला, तीन षटकांनंतर तो थांबला आणि दौऱ्यातून बाहेर गेला. नंतर घोट्याची शस्त्रक्रिया झाली. ती मालिका आपण ४–० अशी हरलो. त्यात कोणाचं काय चुकलं हे बाहेरून ठरवण्यात अर्थ नाही. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की साऱ्या जगातली यंत्रं हाताशी असूनही ‘आता धाव’ हे वाक्य किती अवघड असतं. युरोपातल्या फुटबॉलपटूंची अनेक वर्षांची नोंद सांगते की हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींतल्या १८ टक्के जुन्याच उलटलेल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक मैदानावर परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तो ‘आता काही दुखत नाही’ म्हणण्याच्या दिवसांत.

रहाणे तर जयपूरचा लाडका. २२ एप्रिल २०१९ ला याच मैदानावर दिल्लीविरुद्ध नाबाद १०५ धावा. मे २०२२ मध्ये कोलकात्याकडून खेळताना पुण्यात त्याचा हॅमस्ट्रिंग गेला आणि ‘ग्रेड ३’ अशा बातम्या आल्या. तो सप्टेंबरमध्ये परतला आणि दुलीप करंडकात पश्चिम विभागासाठी द्विशतक काढलं. पुढच्या जूनमध्ये ओव्हलला जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ८९ आणि ४६. या बातम्या वाचून एका परिचितांनी मला विचारलं होतं, ‘‘ग्रेड ३ म्हणजे पूर्ण तुटला ना?’’ जुन्या, तीन पायऱ्यांच्या मोजपट्टीत ३ म्हणजे पूर्ण तुटलेला. ब्रिटिश मोजपट्टीत ३ म्हणजे मोठी दुखापत, पण पूर्ण तुटणं म्हणजे ४. आकडा तोच, अर्थ वेगळा. माझ्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती : अहवालात नुसती ‘ग्रेड २’ लिहू नका. कुठल्या मोजपट्टीने, कुठला स्नायू, हाडापासून किती अंतर, किती लांबी आणि कंडरा शाबूत की नाही, हे लिहा. फिजिओला त्यावर काम करायचं असतं.

हाडापासूनच्या अंतराचं महत्त्व स्वीडनमध्ये झालेल्या एका अभ्यासाने फार चांगलं दाखवलं. तिथे धावपटूंचे आणि नर्तकांचे हॅमस्ट्रिंग पाहिले. धावपटूला वेगात धावताना दुखापत होते. मोठी कळ येते, चालणं मुश्कील होतं. नर्तकाला सावकाश पाय ताणताना होते, त्रास सुरुवातीला कमी वाटतो. पण पूर्वीच्या पातळीवर परतायला धावपटूंना मध्यमानाने १६ आठवडे लागले आणि नर्तकांना ५०. कारण नर्तकांची दुखापत हाडाजवळच्या कंडरेपाशी होती. आपल्या मुली जिम्नॅस्टिक्स करतात, मल्लखांब करतात, ‘स्प्लिट’चे व्हिडिओ काढतात. थोडंसं दुखतंय म्हणून हसून सोडून देऊ नका. बसताना बैठकीच्या हाडापाशी दुखत असेल तर तिथे सोनोग्राफी कमी पडते. ती जागा एमआरआयचीच.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र दोन्ही यंत्रांच्या आधी येते : साधा एक्स-रे. बारा-तेरापासून सतरा-अठरा वर्षांपर्यंत, जिथे स्नायू हाडाला जोडतो ती जागा अजून पक्की जुळलेली नसते. मोठ्या माणसाचा स्नायू फाटेल अशा ताणाने या वयात हाडाचा तुकडाच निघतो. भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावणारा एक सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. सहा आठवडे ‘हॅमस्ट्रिंग ओढला’ म्हणून शेक आणि मालीश चालू होती. एका एक्स-रेत बैठकीच्या हाडाचा सुटलेला तुकडा दिसला. मग एमआरआय केला तो तुकडा किती दूर गेलाय आणि कंडरा कशी आहे हे बघायला. त्या वर्षीची भरती हुकली. पुढच्या वर्षी तो उतरला.

मुक्या माराचंही तसंच. कबड्डीत मांडीवर गुडघा बसला, आत रक्त साकळलं, आणि घरच्यांनी जोरजोरात चोळलं. काही जणांत त्या जागी स्नायूच्या आत चक्क हाड तयार होऊ लागतं. सुरुवातीच्या आठवड्यांत एमआरआयवर ती गाठ इतकी भयानक दिसते की कर्करोगाची शंका यावी. इथे दिसायला भव्य तपासणी घाबरवते आणि साधी तपासणी वाचवते. तीन ते सहा आठवड्यांत एक्स-रेवर, किंवा सीटीवर अधिक स्पष्ट, गाठीच्या बाहेरच्या कडेला चुन्याचं कडं दिसू लागतं. आत मऊ, बाहेर कडं, ही या हाडाची ओळख. सोनोग्राफीत तर ते त्याच्याही आधी दिसू शकतं. दुसऱ्या एका शहरातून ‘ट्यूमर’ लिहिलेली फिल्म घेऊन आलेलं एक कुटुंब मी पाहिलं आहे. त्या आईने पंधरा दिवस जेवण सोडलं होतं. एक्स-रेमध्ये कडं दिसलं तेव्हा ती खुर्चीत बसूनच रडली. अर्थात उलटही होतं. मार लागल्याचं आठवत नाही आणि मांडीतली गाठ महिनोन् महिने वाढतेच आहे, अशी गाठ ‘स्नायूचा गोळा’ समजून चोळत बसू नका. तिथे एमआरआयला एक दिवसही उशीर नको.

आता खेळाडू नसलेल्यांसाठी. आपण सगळे गणपती-दिवाळीला गाडीत बसून मुंबई-पुणे गाठणारे. रात्रभर एका जागी पाय लटकवून बसलो आणि दुसऱ्या दिवशी पोटरी दुखली, सुजली, की ‘स्नायू आखडला’ म्हणतो. बहुतेक वेळा तेवढंच असतं. पण कधी कधी पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकाच पोटरीला सूज, दाबल्यावर दुखणं, पाय गरम, असं असेल तर चोळू नका. डॉप्लर सोनोग्राफी करा. त्याच बैठकीत स्नायू फाटलाय की शिरेत गुठळी आहे, दोन्ही कळतं.

काही तरुण मित्र विचारतात, परदेशात मैदानाच्या कडेलाच हातातल्या छोट्या यंत्राने सोनोग्राफी करतात, मग इथे का नाही? याचं उत्तर वैद्यकीय नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि छोटं यंत्र पिशवीत घालून वाटेल तिथे नेता येत नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे राजस्थानात ८८८ मुली होत्या, आपल्या महाराष्ट्रात ८९४. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुखांच्या काळात यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले गेले, राजस्थानातही यंत्रांवर ट्रॅकर आले. या कागदपत्रांचा मलाही कंटाळा येतो. तरी कायदा हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. मांडी दुखावलेल्या मुलाला यंत्रापर्यंत आणता येतं. न जन्मलेल्या मुलीला परत आणता येत नाही.

मग एकही तपासणी कधी नको? मुलगा चालतोय, जिना चढतोय, मांडीवर काळंनिळं नाही, दाबल्यावर एका ठिकाणी हलकंसं दुखतंय, दोन-तीन दिवसांत कमी होतंय. अशा वेळी चांगल्या डॉक्टरांचा किंवा फिजिओचा हात पुरतो. आणि मैदानावर परतण्याचा निर्णयही शेवटी हातानेच होतो. दाबून दुखत नाही, दोन्ही पायांची ताकद सारखी, पूर्ण ताणता येतो, आणि टप्प्याटप्प्याने वाढवत पूर्ण वेगाने अनेकदा धावून झालं. आमची चित्रं या निर्णयाला मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत.

शेवटी श्रोत्यांतून प्रश्न आले. त्यांतले दोन इथे देतो.

एका आजोबांनी विचारलं, ‘‘मला पेसमेकर आहे, एमआरआय चालेल का?’’ काही नवे पेसमेकर एमआरआयला चालतात, जुने चालत नाहीत. यंत्र बसवलं तेव्हा मिळालेलं कार्ड सोबत आणा. ते पाहिल्याशिवाय कोणी आत सोडू नये, आणि तुम्हीही जाऊ नये. स्नायूच्या बहुतेक साध्या प्रश्नांना आजोबा, तुमच्यासाठी सोनोग्राफी पुरेशी आहे.

एका वहिनींचा मुलगा शाळेच्या संघात आहे. आठ दिवसांपूर्वी धावताना मांडीत ‘टक्’ झालं, त्याच दिवशी केलेली सोनोग्राफी साफ आली, अजून लंगडतोय आणि रविवारी सामना आहे. वहिनी, रविवारचं विसरा. त्या दिवशीची सोनोग्राफी फार लवकर झाली होती. उद्या सकाळी त्याला घेऊन या. आधी एक्स-रे, मग सोनोग्राफी, आणि त्यात शंका उरली तरच एमआरआय. हाफ पॅन्ट घालून आणा, म्हणजे दोन्ही मांड्या बघता येतील. आणि ती जुनी फिल्म घरी विसरू नका.